पहिली मूठ वाऱ्याची

बंदुकीतलं मला शिकवू नका. बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर मी उभी हयात घालवली. जिल्ह्यात बाराबोअर कोणाकडे, ठासणीची कोणाकडे, कोणाच्या रायफलीचा दस्ता फुटका, सगळं तोंडपाठ. आता मी स्वतः आयुष्यात सातच गोळ्या झाडल्या आणि त्या सातही कुठे गेल्या ते देवाला ठाऊक, ही गोष्ट खरी. पण म्हणून काय झालं? वरातीला घोडा कोणता आणावा हे सांगायला नवरदेवच लागतो का?

तर अशा ह्या मला एका खळ्यावरच्या माणसानं बंदूक शिकवली. नाव उकंडराव. चिखलीपासून सहा मैलांवर त्यांचं खेडं, आठ एकर कोरडवाहू. आईची आधीची तीन मुलं दगावली, म्हणून चौथा जन्मताच तिनं त्याला उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलला, म्हणजे मरणालाही तो नकोसा वाटावा. नाव पडलं उकंडा. आमच्या भागात अशी नावं पुष्कळ आहेत. हसणाऱ्यांनी हसावं, माणूस सत्तर वर्षं जगला.

चौसष्ट सालचा शिमगा होऊन आठवडा झाला होता. बासष्टच्या लढाईनंतर जिकडे तिकडे लोकांना नेमबाजी शिकवायचं वारं सुटलेलं. आमच्याकडेही रायफल क्लब निघाला आणि 'कागदपत्रं तर अनंतरावांकडंच असतात' म्हणून त्याचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. दुपारी मी डबा उघडत होतो. डोळे वर केले तर टेबलासमोर एक उंच, वाळलेला माणूस. डोक्याला पटका, भुवयांत धूळ.

"बाबूसाहेब, मले थ्री नॉट थ्री पाह्यजे."

"भाजी आहे का ती?" मी म्हणालो. मला जेवताना कोणी आलेलं खपत नाही.

माणूस हलला नाही. पटक्याच्या घडीतून त्यानं एक पत्र काढलं आणि माझ्या पोळीशेजारी ठेवलं. फौजेतल्या मुलाचं पत्र. वैजनाथ त्याचं नाव, एकुलता एक. चिखलीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर गोल. बर्फातून लिहिलं होतं: 'आबा, समोरचा डोंगर पाचशे पावलांवर आहे. वारा असा का आपल्या खळ्यावर कधी पाह्यला नाही. गोळ्या मारतो पण लागत नाहीत. बंदूक खराब आहे का माझा हात खराब, काही समजत नाही. आईला सांगू नका.'

ह्या पत्रानंतर पंधरा दिवसांनी तार आली. पोरगं गेलं.

"आन् हे पत्र पोस्टमननं पारावर वाचलं, बाबूसाहेब," उकंडराव म्हणाले. "साऱ्या गावानं आयकलं. रडले बी सारे. पन वरीस झालं नाही त कोनीतरी बोल्लंच, नाचता येईना आंगन वाकडं. थे माह्या बायकोच्या कानावर गेलं. रुखमा तवापासून एकच इचारते मले. बंदूक का हात? मी काय सांगू? म्या बंदूक पाह्यलीच नाही. मले थे चालवून पाहाची हाये. पाचशे पावलांवर. वाऱ्यात."

मी डबा झाकला. राग आला, कोणाचा ते कळेना. उचलली जीभ लावली टाळ्याला! पारावर बसून तंबाखू मळणाऱ्यांनी बर्फातल्या पोराचा नेम तपासावा!

पण कायदा तो कायदा. मी समजावलं. थ्री नॉट थ्री म्हणजे फौजेचा आणि पोलिसांचा बोअर, तुम्हाआम्हाला त्याचा परवाना नाही. म्हणून तर सरकारी कारखान्यात लोकांसाठी तीनशे पंधरा बोअरची वेगळी करतात. ती घ्या, मी अर्ज लिहून देतो. कपाटातून सूचीपत्र काढलं आणि त्यांना एकेक गोळीचं वजन वाचून दाखवलं. टू टूची गोळी बारकी, पन्नास यार्डांवर गुणी, पाचशेवर नुसतं भूस. तीनशे पंधराची गोळी सगळ्यांत जड. थ्री नॉट थ्रीची त्याहून हलकी. मेहकरकडच्या हिंमतरावांकडे एक परदेशी थर्टी नॉट सिक्स आहे, तिची गोळीही थ्री नॉट थ्रीच्याच आसपास. "वाऱ्यात जड गोळीच बरी, उकंडराव. तीनशे पंधरा घ्या," मी म्हणालो. मोठ्या जाणत्याच्या आवाजात.

त्यांनी कान खाजवला. "जड त समजलं. लवकर पोचते कोन्ती?"

मी पान उलटलं. "हिंमतरावांची. मग थ्री नॉट थ्री. तीनशे पंधरा बरीच मागं."

"मंग नुसती जड घिऊन काय करता? उपनताना दाना जितका येळ अधांतरी, तितका येळ वाऱ्याच्या ताब्यात. तिवईवरून उंच सोडला त दूर जाते, वाकून सोडला त पायापाशी पडते. दाना थोच, बाबूसाहेब. वजन बी पाहा लागते आन् येळ बी."

सूचीपत्राच्या मागच्या पानावर आकड्यांचा एक तक्ता होता. कोणती गोळी पाचशे यार्डांवर किती वेळात पोचते आणि वाऱ्यानं किती सरकते, असा. तो उमजायला मला तीन महिने लागले होते, आणि तीनशे पंधरा शेवटून दुसरी का, हे तेव्हाही उमजलं नव्हतं. ह्या माणसाला वाचता येत नव्हतं. मी तक्त्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, सूचीपत्र मिटून ठेवलं.

"म्हणजे सगळ्यांत चांगली हिंमतरावांची," मी म्हणालो.

"असन. मले चांगली नाही पाह्यजे. मले त्याची पाह्यजे."

एकच वाट होती. क्लबची वर्षातून एकदा, होळीनंतरच्या रविवारी, पोलिसांच्या चांदमारीवर स्पर्धा असायची. वर्षभर टू टूवर जे पहिले पाच येतील त्यांना त्या दिवशी पाचशे यार्डांवर दहा गोळ्या. ज्याच्याकडे स्वतःची मोठी रायफल असेल त्यानं ती आणावी. नसेल त्याला पोलिसांची थ्री नॉट थ्री, पोलिसांच्या देखरेखीखाली. मी म्हणालो, वर्ष लागेल, आणि तरी पाचांत याल का सांगता येत नाही.

"दीड वरीस गेलं, अजून एक," ते म्हणाले आणि पत्र पटक्यात ठेवलं.

दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या एसटीनं ते येऊ लागले. शिकवायला हवालदार मोतीराम होता, फौजेतून निवृत्त झालेला, तोंडाचा फाटका. पहिल्या दिवशी तो माझ्या कानाशी लागला, "काय बे अनंतराव, हे बुजगावनं कुठून आनलं?" पावसाळा संपता संपता मोतीराम त्यांना 'आबा' म्हणू लागला होता. उकंडराव बंदूक खांद्याला लावायच्या आधी गवताकडे पाहायचे, दूरच्या पळसाच्या शेंड्याकडे पाहायचे, आणि मग मधल्या मोकळ्या जागेकडे, जिथं पाहण्यासारखं काहीच नाही तिथं सगळ्यांत जास्त वेळ. मी एकदा विचारलं, तिथं काय पाहता हो? म्हणाले, "वारा त मधातच असते. शेंड्यावर त त्याची बातमी हाये."

दिवाळीपर्यंत ते पाचांत आले. मग तिसरे, मग दुसरे. पहिले हिंमतराव. शंभर एकराचा धनी, दिलदार माणूस, पण हरणं त्याला ठाऊक नव्हतं.

माघात मी त्यांच्या गावी गेलो. निमित्त अर्जावरच्या अंगठ्याचं, खरं म्हणजे मला त्यांचं खळं पाहायचं होतं. पंचक्रोशीतले लोक ज्वारीची मळणी झाली की उपणायला उकंडरावांनाच बोलावतात, असं ऐकलं होतं. दुपार अशी पडलेली की पिंपळाचं पान हलेना. खळ्यावर सगळे आपले बसलेले. उकंडराव उंच तिवईवर टोपलं घेऊन उभे, डोळे अर्धे मिटलेले. एकदम म्हणाले, "आला." अहो, काही आलं नव्हतं! मी तोंडात आलेला शब्द गिळतो न गिळतो तोच मानेला गार लागलं.

त्यांनी टोपलं लगेच ओतलं नाही. आधी एक मूठ भरली आणि बाजूला हवेत सोडली. दाणा कुठं पडतो, भूस कुठवर जातं ते नुसतं पाहिलं. ती मूठ तिथंच मातीत राहिली, चिमण्यांना. मग धार सुरू झाली. दाणा पायाशी एका रेषेत पडत होता आणि भूस पलीकडे. एक दाणा भुसात नाही, एक काडी दाण्यात नाही. मी देवळात उभा राहतो तसा उभा राहिलो होतो.

खाली उतरल्यावर मी विचारलं, ती मूठ वाया का घालवता?

"वाया? थे वाऱ्याची हाये. पहिली मूठ त्याची, मंग आपली. त्याले न देता घ्याले जाल त थो सारं नेईन." मग घाम पुसत म्हणाले, "माह्या बापानं शिकोलं. मी मातर वैजनाथले या तिवईवर चढू देलं नाही कधी. मनलं, तू शाळा शिक, धुरळा नको खाऊ. नाव बी चांगलं ठेवलं त्याचं, आमच्यासारखं उकिरड्यावरचं नाही ठेवलं."

रुखमाबाईंनी चहा आणला. ठेंगणी, शांत बाई. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "थे बंदूक कवा भेटन यायले?" मी म्हणालो, महिन्याभरात. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

होळीनंतरच्या रविवारी घाटाकडून असा वारा उठला की चांदमारीवरचे तंबू फुगले. एक बरं, निशाणामागचा मातीचा बंधारा आडोशाला होता, तिथली धूळ नुसती रांगत होती. दरवर्षी नेम बसवायला दोन गोळ्या फुकट मिळायच्या, मोजणीत नसलेल्या. ह्या वर्षी काडतुसांची टंचाई. मोतीरामनं सगळ्यांना उभं करून ओरडून सांगितलं, "फक्त दहा! पयल्या गोळीपासून मोजनी! मधल्या काळ्यात पाच, पन्नासपैकी मार्क! कोनी मंग माह्यापाशी रडाचं नाही!" मी उकंडरावांपाशी जाऊन पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून मोजणी, समजलं ना? "हाव," ते म्हणाले.

हिंमतराव सकाळीच मारून मोकळे झाले, वारा कोवळा असताना. आपल्या थर्टी नॉट सिक्सनं शेहेचाळीस. मागाहून आलेल्यांची दाणादाण. एकाचे एकोणीस, एकाचे बावीस. गोळी काळ्यावर धरावी तर दीड हात बाजूला जात होती. फौजी रायफलीला वाऱ्यासाठी फिरवायचा पेच नसतो, माणसानंच अंदाजानं बाजूला धरायचं. तो अंदाज कोणाचाच बसेना.

शेवटी उकंडराव. चटईवर पोलिसांच्या तीन थ्री नॉट थ्री ठेवलेल्या. त्यांनी विचारलं, "यातली लढाईवर गेल्ती कोन्ती?" कोणाला माहीत असणार? त्यांनी तिन्ही उचलून पाहिल्या, एकीच्या दस्त्यावर गालाच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं होतं. कोणाकोणाचे गाल तिथं टेकले असतील. ती घेतली. पालथे पडले, दहा गोळ्या भरल्या, आणि गाल तिथं टेकवून बराच वेळ नुसते पडून राहिले.

मग पहिली गोळी सुटली. निशाणाच्या डावीकडे, चांगलं दोन माणसांच्या अंतरावर, बंधाऱ्यातून मातीचा कारंजा उडाला. खंदकातून लाल बावटा हलला. शून्य.

लोक हसले. मी कपाळावर हात मारला. माझ्या शेजारी मोतीराम पुटपुटला, "आबा, बंधारा मारला ना जी!" पण मी पाहिलं तर उकंडराव हलले नव्हते. ते ती माती पाहत होते. गोळी कुठं लागली, धूळ किती सरकली, किती वेळात बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नेम चुकला नव्हता. त्यांनी बंधारा मारला होता, मुद्दाम, कोऱ्या मातीवर. मूठ दिली होती. दहातली एक. मोजणीतली.

"अरे देवा, इथं कशाला दिली!" मी मोठ्यानंच ओरडलो.

दुसरी गोळी सुटायला इतका वेळ लागला की लोक पांगायला लागले. मधल्या मोकळ्या रानाकडे पाहत ते थांबले होते. वारा घोंघावत आला, गेला, पुन्हा आला. एकदम घोडा दाबला गेला आणि आवाज झाला. खंदकातून पांढरी चकती वर आली, ठीक काळ्याच्या मधोमध. पाच.

मग पुन्हा थांबणं. पुन्हा आवाज. पाच. चौथी, पाच. मोतीराम घड्याळ पाहत होता, एकेकाला पंधरा मिनिटं होती. सहावी झाली तेव्हा हसणं बंद झालेलं. सातवीला हिंमतराव खुर्चीतून उठले. आठवीच्या आधी वारा पूर्ण उलटला, तंबूचे दोर दुसऱ्या अंगाला ताणले, आणि उकंडरावांनी नळी तसूभर उलट्या बाजूला नेली, जसं तिवईवर पाय बदलतात तसं. पाच. नववी पाच. शेवटच्या गोळीला अर्धं मिनिट उरलं असताना मोतीराम, तो फाटक्या तोंडाचा मोतीराम, डोळे मिटून उभा होता.

चकती वर आली. काळ्याच्या मधोमध.

मी पुष्कळ नेमबाज पाहिले, मोठमोठ्या ढाली घेऊन आलेले पाहिले. पण तो वारा आणि त्या नऊ गोळ्या! नऊ पाचा पंचेचाळीस. हिंमतराव एका मार्कानं जिंकले. कप हातात घेऊन ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "अनंतराव, हा कप घेऊन मी गावात शिरू कोणत्या तोंडानं?"

उकंडराव बंधाऱ्याजवळ बसले होते. मी निशाणाचा कागद घेऊन धावत गेलो, आणि दहा पावलांवर असताना थबकलो. कारण मला आत्ता कळलं होतं की मी काय घेऊन चाललो आहे. नऊ भोकं. बंदूक चांगली होती! बंदूक नाही, मग काय उरलं? वर्षभर मी ह्या माणसाला एसटीनं आणून आणून हे सिद्ध करायला मदत केली होती. मी तो कागद पाठीमागे धरला.

"द्या इकडं," ते म्हणाले. एकेका भोकात बोट घालून पाहिलं. "बंदूक चांगली हाये, बाबूसाहेब. लय गुनाची."

"उकंडराव, तिथं बर्फ, तिथं समोरून गोळ्या येत असतील..."

"हात बी चांगलाच होता त्याचा," ते मधेच बोलले. "हात माहाच हाये त्याले. फक्त पहिली मूठ कोनाची, थे त्याले कोनी सांगतलं नाही. थो थेट काळ्यावरच मारत राह्यला असन, शिकलेला होता ना. सांगाचं काम बापाचं होतं. बापानं त्याले धुरळ्यातून दूर ठेवलं." आणि तो उंच माणूस गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडलो, लपवत नाही. मग मी रागानंच विचारलं, आज तरी मूठ कशाला दिली, एका मार्कानं गेलात! पटक्यानं नाक पुसत ते म्हणाले, "आज वैजनाथच्या वाटची देल्ली."

त्यांना एकटं सोडवेना. चिखलीच्या एसटीत मी त्यांच्यासोबत बसलो, पुढं बैलगाडी. वाटेत ते एवढंच म्हणाले, "कागद तुमच्यापाशी ठेवा. घरी नका आनू." मी तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पण बातमी आमच्या आधी पोचली होती. वेशीतच पोरं ओरडत होती, "आबानं नऊ मारल्या! दहातल्या नऊ!" पारावरचे उठून उभे राहिले. ज्यानं ते आंगण वाकडं म्हटलं होतं तोही असेल त्यांत, मला ओळखू आला नाही.

रुखमाबाई दारात उभ्या होत्या. पोरांचा गलका त्यांच्या कानावर पडला नसेल असं म्हणायला मी काही दूधखुळा नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं. वर्ष-दीड वर्ष त्या रोज विचारत होत्या, बंदूक का हात. त्या दिवशी त्यांनी तसं विचारलं नाही.

"बंदूक खराब होती ना हो?" त्या म्हणाल्या.

ज्या माणसानं वाऱ्याला त्याची मूठ चुकवली नाही, तो खाली पाहत उभा राहिला.

"हाव," उकंडराव म्हणाले. "खराबच होती."

"मले वाटलंच," रुखमाबाई म्हणाल्या, त्यांच्या हातातला पटका घेतला, झटकला, आणि पाय धुवायला पाणी आणून ठेवलं. पुन्हा त्या घरात तो प्रश्न निघाला नाही. मी कोटावर हात दाबून धरून उभा होतो. तो कागद अजून माझ्याकडे आहे.